धडा पुस्तकात, शंका ग्रुपवर

ट्विटर (आताचं एक्स) वापरून शिकवण्याच्या दोन प्रयोगांचे दाखले वरचेवर दिले जातात, पण ते सहसा एकत्र सांगितले जात नाहीत. समाजमाध्यमांचं ज्याला कौतुक आहे तो पहिला सांगतो आणि ज्याला मुलांचे फोन काढून घ्यायचे आहेत तो दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर हा वाद मुळात कशाबद्दल व्हायला हवा ते कळतं.

पहिला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. रेनॉल जंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेले १२५ विद्यार्थी घेतले. त्यांपैकी ७० जणांच्या अभ्यासक्रमात १४ आठवडे ट्विटर वापरलं गेलं, ५५ जणांच्या अभ्यासक्रमात नाही. वर्गात अर्धवट राहिलेली चर्चा पुढे नेणं, शंका विचारणं, कामाची आठवण करून देणं, अभ्यासाला सोबती जमवणं, असा तो वापर होता, आणि शिक्षक स्वतः तिथे हजर राहून उत्तरं देत होते. सत्राअखेर ट्विटर वापरणाऱ्यांची सरासरी श्रेणी ४ पैकी २.७९ आली, बाकीच्यांची २.२८.

दुसरा प्रयोग इटलीतला, २०१९ साली समोर आलेला. ७० शाळांमधले सुमारे १५०० विद्यार्थी इटालियन लेखक पिरांदेल्लोची एक कादंबरी अभ्यासत होते. काही वर्गांनी ती नेहमीच्या पद्धतीने वाचली. काहींनी ट्विटरवर वाचली, म्हणजे आवडलेली वाक्यं टाकायची, स्वतःचं मत टाकायचं, सोबत्यांच्या ट्वीटवर प्रतिक्रिया द्यायची. नंतर कादंबरीच्या आकलनावर आणि स्मरणावर परीक्षा घेतली, तेव्हा ट्विटरवाल्यांचे गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात, त्याच्या मापाच्या) २५ ते ४० टक्क्यांनी कमी भरले. घसरण आधीपासून चांगले गुण मिळवणाऱ्यांमध्ये जास्त होती, हे विशेष.

माध्यम तेच असून निकाल उलटे आले. विषय, वय आणि देश वेगळे असल्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करता येत नाही, हे मान्यच. तरी एक फरक डोळ्यांत भरतो. अमेरिकेतल्या वर्गात ट्विटर अभ्यासाच्या बाजूला उभं होतं. वाचन, तास, लेखी काम सगळं जागच्या जागी होतं आणि मधल्या रिकाम्या वेळेत प्रश्न विचारायला एक दार उघडलं होतं. इटलीत ट्विटर वाचनाच्याच जागी येऊन बसलं. सलग वाचायची, पात्रांचे धागे मनात धरून ठेवायची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी वाचली गेली आणि नजर पुढच्या पानाऐवजी पुढच्या ट्वीटवर राहिली. जंको यांच्याच २०१३च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ट्विटर ऐच्छिक ठेवलं आणि शिक्षक तिकडे फिरकले नाहीत, तर फायदा होत नाही.

यावरून आमचं म्हणणं असं की समाजमाध्यमावर धडा शिकवू नये, तिथे शंका विचारू द्याव्यात. आणि शंका विचारायला लावल्या, तर त्या ऐकायला माणूस नेमावा. या दोन अटी पाळल्या जात नसतील, तर ‘डिजिटल शिक्षण’ या नावाखाली चाललेलं बरंचसं काम फाइली इकडून तिकडे करण्यापलीकडे जात नाही.

फाइलींचंच आधी पाहू. अभ्यासाचा म्हणून काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप महिन्याभराने उघडून पाहावा. चाळीसेक पीडीएफ, दहा-बारा व्हिडिओंच्या लिंका, प्रत्येक लिंकेखाली ‘धन्यवाद सर’ची रांग, सकाळच्या शुभेच्छा, आणि या सगळ्याखाली गाडला गेलेला, तीन दिवसांपूर्वी कोणीतरी विचारलेला एकुलता एक खरा प्रश्न. फाइल उतरवून घेतली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. ती उघडून वाचली तर आणखीच वाटतं. हे वाटणं किती फसवं असतं ते रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली मोजून दाखवलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१.

ग्रुपवर येणारी जवळपास प्रत्येक गोष्ट पुन्हा वाचायची किंवा पुन्हा पाहायची असते. म्हणून ग्रुपमध्ये काय टाकलं यापेक्षा ग्रुपने विद्यार्थ्याकडून काय लिहून घेतलं, हे मोजायला हवं.

त्यासाठी प्रश्न कसा विचारायचा हे आधी शिकवावं लागतं. ‘सर, सातवा प्रश्न समजला नाही’ असा संदेश आला की कोणीतरी हुशार मुलगा सोडवलेल्या वहीचा फोटो टाकतो आणि विचारणारा तो उतरवून मोकळा होतो. त्याऐवजी तीन ओळींचा नियम ठेवावा: काय विचारलं आहे, मी काय केलं, कुठे अडलं. उदाहरणार्थ, ‘भौतिक-४-७. ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडलेत. मी बेरीज करून ९ काढलं. पुस्तकात उत्तर २ आहे, ते ३ पेक्षाही कमी कसं?’ आता उत्तर देणाऱ्याला गोंधळ कुठे आहे ते दिसतं. मुलाने समांतर जोडणी एकसरीसारखी सोडवली आहे. प्रवाहाला दुसरी वाट मिळाली की एकूण अडथळा कमी होतो, एवढं एक वाक्य त्याला पुरतं. आणि कित्येकदा तीन ओळी लिहिता लिहिता विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर सापडतं. अशा वेळी त्याने तो संदेश पुसू नये, खाली उत्तर लिहून तसाच ठेवावा.

सुरुवातीचा ‘भौतिक-४-७’ हा शिक्काही कामाचा आहे. विषय, प्रकरण, प्रश्न क्रमांक. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ग्रुपच्या शोधखिडकीत ‘भौतिक-४’ टाकलं की त्या प्रकरणावरच्या सगळ्या शंका एकाखाली एक येतात. मात्र शिक्का सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायला हवा. कोणी ‘फिजिक्स ४’, कोणी ‘भौ. प्र. ४’ लिहू लागलं की शोध निकामी होतो. पहिले दोन आठवडे शिक्षकाने याबाबतीत कटकट करावी, नंतर मुलं एकमेकांना टोकतात.

उत्तर त्या प्रश्नालाच ‘रिप्लाय’ करून द्यायचं, सुटं टाकायचं नाही. शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये. संध्याकाळी आलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुलांवर सोडावा आणि मग एका संदेशात बरोबर उत्तर लिहून प्रश्न बंद करावा. हे बंद करणं राहिलं, तर चुकीचं उत्तर देणारा आणि बरोबर उत्तर देणारा ग्रुपवर सारखेच दिसतात. घाईने वाचणारा बहुतेक वेळा जो जास्त ठामपणे लिहितो त्याचं खरं धरतो.

वहीचा फोटो टाकायचाच असेल तर खिडकीजवळच्या उजेडात, पान सपाट ठेवून, फोन पानाला समांतर धरून, एका फोटोत एकच पान घ्यावं. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात पेन्सिलीने काढलेले घातांक आणि दशांशचिन्हं नाहीशी होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात जातो.

ग्रुप किती मोठा असावा? व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन लाख. मावतात म्हणून भरायचे नसतात. ऑनलाइन समूहांबद्दल संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली मांडलेला ढोबळ ठोकताळा आहे की शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकजण बहुतेक सगळं लिहितो. हा काही निसर्गनियम नव्हे, पण ज्याने ग्रुप चालवला आहे त्याला तो एकजण नावानिशी आठवेल. यावर आर्जवं करून उपयोग होत नाही, पाळी लावावी लागते. तीस जणांच्या वर्गात दर आठवड्याला पाच जणांनी प्रत्येकी एक शंका आणि एक उत्तर लिहायचं, म्हणजे सहा आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. त्याच पाच जणांनी शनिवारी त्या आठवड्यातल्या बंद झालेल्या शंका एका कागदपत्रात उतरवून ठेवायच्या. ग्रुपवरचं बोलणं वाहून जातं, ते कागदावर घेतल्याशिवाय टिकत नाही.

चाचणी घ्यायची तर एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. व्हॉट्सॲपच्या मतचाचणीत (पोलमध्ये) कोणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. पहिल्या चार हुशार मुलांनी जिथे बोट ठेवलं तिथेच बाकीचे ठेवतात, आणि निकाल पाहून शिक्षकाला वाटतं की वर्गाला सगळं समजलं. टेलिग्राममध्ये ‘क्विझ’ प्रकारची निनावी चाचणी करता येते. त्यात बरोबर उत्तर आधी ठरवून ठेवायचं, आणि चुकणाऱ्याला लगेच दिसेल असं छोटं स्पष्टीकरण जोडायचं. पर्याय मात्र नीट विचार करून लिहावेत. वरच्याच उदाहरणात २, ९, ४.५ आणि ०.५ असे चार द्यावेत. ९ निवडणाऱ्याने बेरीज केली, ४.५ वाल्याने सरासरी काढली, ०.५ वाल्याने व्यस्तांकांची बेरीज बरोबर केली पण शेवटी उलटायचं विसरला. किती चुकले यापेक्षा कोणत्या वाटेने चुकले हे कळलं, तर दुसऱ्या दिवशीच्या तासाला कशापासून सुरुवात करायची ते ठरतं. वाट्टेल ते आकडे पर्याय म्हणून टाकले तर चाचणी घेऊनही हातात काही येत नाही.

आता व्हिडिओ. अमेरिकेतल्या सलमान खान यांनी (अभिनेते नव्हेत) २००६च्या सुमारास नात्यातल्या मुलांसाठी यूट्यूबवर गणिताचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि त्यातून खान अकादमी ही मोफत ऑनलाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. तेव्हापासून ‘व्हिडिओने शिक्षण’ हा जवळजवळ मंत्र झाला आहे. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांमधली ६९ लाख दर्शनसत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक टिकण्याचा मध्यक सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. हा आकडा सांगून लोक सहा मिनिटांचे व्हिडिओ करा म्हणतात. पण तिथे मुलं किती वेळ पाहतात हे मोजलं होतं, किती शिकतात हे नव्हे. सहा मिनिटं पूर्ण पाहूनही डोकं कोरं राहू शकतं. पाहायला लावायचंच असेल तर पाच-सहा मिनिटांचा भाग नेमून द्यावा, तो संपल्यावर पडदा बंद, आणि न बघता तीन वाक्यं वहीत. चौथं वाक्य म्हणजे एक शंका, ती ग्रुपवर. लिंक देताना कुठून कुठपर्यंत पाहायचं ती वेळ लिहावी. यूट्यूबवरचा ऑटोप्ले बंद कसा करायचा तेही एकदा वर्गात दाखवून द्यावं, नाहीतर आपण प्रकाशाच्या अपवर्तनावर पाठवलेला मुलगा तासाभराने भलत्याच ठिकाणी सापडतो. त्यात मुलाचा दोष थोडा, कारण पुढचा व्हिडिओ त्याला शिकवायला लावलेला नसतो, थांबवून धरायला लावलेला असतो.

मिनिटभराच्या रीळांना सरसकट नाकं मुरडण्याचंही कारण नाही. हाताने करायची आणि डोळ्याने ओळखायची गोष्ट त्यात चांगली बसते. पिपेट कशी धरायची, अनुमापनात फिनॉल्फ्थॅलिनचा रंग नेमका किती फिका गुलाबी झाला की तोटी बंद करायची, परक्या भाषेतला एखादा ध्वनी काढताना जीभ कुठे लागते, हे पानभर वर्णनापेक्षा वीस सेकंदांत कळतं. सिद्धता, ऐतिहासिक घटनेची कारणमीमांसा, कवितेचा अर्थ या गोष्टी त्यात मावत नाहीत. कोंबल्या तर त्यांचा निष्कर्ष तेवढा उरतो आणि तिथवर पोचायची वाट गळून पडते.

समाजमाध्यमाचा सर्वांत चांगला शैक्षणिक उपयोग मात्र फारसा कोणी करताना दिसत नाही. तो म्हणजे त्यालाच अभ्यासाचा विषय करणं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू या संशोधकांनी २०१७ साली ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. त्यात १० इतिहासकार होते, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ स्टॅनफर्डचे विद्यार्थी. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक मोठी, जुनी. दुसरी तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट, पण नाव मिळतंजुळतं आणि पान नीटनेटकं. बहुतेक विद्यार्थ्यांना फुटीर गटाचं पान अधिक भरवशाचं वाटलं. इतिहासकारही बरेच चाचपडले. ते पानावरच थांबले आणि मन लावून वाचत बसले. तपासनीसांनी पान वाचण्याआधीच ते सोडलं, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. शाळेत आपण ‘लक्ष देऊन वाच’ असं शिकवतो, आणि इथे नेमकं तेच अंगाशी येतं.

हे कौशल्य शिकवायला एक तास पुरतो. फिरत आलेला एखादा दावा घ्यावा. व्हॉट्सॲपवर संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो किमान पाच हातांतून पुढे ढकलला गेलेला असतो, असे संदेश सरावाला उत्तम. पहिली दहा मिनिटं मूळ संदेश उघडायचाच नाही. कोणी म्हटलं, त्याचं त्यात काय हित, आणि त्याच्याशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी काय लिहिलं आहे, एवढंच शोधायचं. मग चित्र असेल तर उलट चित्रशोध करून (म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधखिडकीत टाकून) ते पहिल्यांदा कधी दिसलं ते काढायचं. जुनं छायाचित्र नव्या घटनेला चिकटवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चालणारा प्रकार आहे. शेवटी मुलांनी खरं की खोटं एवढंच न लिहिता किती खात्री आहे आणि कशावरून ते लिहायचं. ‘ठरवता येत नाही’ हेही पूर्ण गुणांचं उत्तर धरावं.

‘मुलं नाहीतरी तिथेच असतात, मग आपणही तिथे जाऊ’ असा युक्तिवाद नेहमी होतो. मुलं मैदानावरही असतात, म्हणून तिथे कोणी बीजगणिताचा तास घेत नाही. उलट मुलांची स्वतःची जागा शिक्षकाने व्यापली की ती तिथून उठून दुसरीकडे जातात. आणि ‘असतातच’ हेही तपासून घ्यावं. बहुतेक माध्यमांची किमान वयाची अट १३ आहे. ही अट मुलांच्या आकलनाचा अभ्यास करून आलेली नाही. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायला मनाई केली, कंपन्यांनी तीच रेघ उचलली. पण अट आहे तोवर बारा वर्षांच्या मुलाला ‘प्रकल्पासाठी खातं काढ’ सांगणारा शिक्षक त्याला जन्मतारीख खोटी लिहायला सांगत असतो.

दुसऱ्या टोकाला सरसकट बंदीवाले आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. त्यात इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब आले, व्हॉट्सॲपसारखी निव्वळ संदेशांची साधनं वगळली. ती बंदी किती यशस्वी ठरते हा वेगळा विषय, पण तिथे आखलेली रेघ शाळेलाही उपयोगी आहे. जिथे पुढे काय दिसणार ते यंत्र ठरवतं ती जागा वेगळी, आणि जिथे ओळखीची माणसं एकमेकांशी बोलतात ती वेगळी. सक्तीचं काही ठेवायचं असेल तर ते दुसऱ्या जागेतच ठेवावं. पहिल्या जागेतून वेचून वर्गात आणावं, मुलांना तिकडे पाठवू नये.

सक्तीलाही मर्यादा हवी. एका घरात एकच फोन असेल आणि तो रात्री नऊला घरी येत असेल, तर संध्याकाळी सहाला दिलेलं काम आठला मागणं म्हणजे त्या मुलाला शिक्षाच. मुदत किमान चोवीस तासांची असावी, आणि ग्रुपवर टाकलेली प्रत्येक बंधनकारक सूचना दुसऱ्या दिवशी फळ्यावरही यावी.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. वर्गातल्या तीस जणांना, आणि आमंत्रणाची लिंक बाहेर गेली तर आणखी कोणालाही. म्हणून लिंक फिरवू नये, फिरली असल्यास ‘रीसेट’ करावी आणि नवे सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच घ्यावेत. ग्रुपवर दोन शिक्षक असावेत. विद्यार्थ्याशी एकट्याने खासगी चॅट नको, ही दोघांच्याही सोयीची गोष्ट आहे. गुणांच्या याद्या, गैरहजरांची नावं, चुकलेल्या वहीचा नावासकट फोटो यांतलं काहीही टाकू नये. टोमणा वर्गात मारला तर हवेत विरतो, ग्रुपवर मारला तर त्याचा स्क्रीनशॉट निघतो. वर्ष संपलं की ग्रुप बंद करून टाकावा.

उरली शिक्षकाची वेळ. हा मुद्दा संस्थाचालकांना सर्वांत कमी आवडतो. ग्रुप त्यांना फुकट वाटतो, कारण त्याची किंमत शिक्षकाच्या संध्याकाळच्या वेळेतून वसूल होते. तीस मुलांच्या ग्रुपवर रोज पाच-सात शंका आल्या तरी वाचून, वाट पाहून, बंद करायला पाऊण तास सहज जातो. तो वेळापत्रकात धरावा. वेळ देणार नसाल तर ग्रुपही नको, कारण शिक्षक न फिरकणाऱ्या ग्रुपचं काय होतं ते जंको यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलंच आहे.

आणि हे सगळं उपयोगी पडतंय की नाही, ते ग्रुपवरच्या अंगठ्यांवरून ठरवू नये. सारख्या अवघडपणाची दोन प्रकरणं घ्यावीत. एकावर ग्रुपवर शंकांची फेरी चालवावी, दुसऱ्यावर तेवढाच वेळ मुलांनी वहीत एकट्याने न बघता आठवून लिहावं. दोन्हींनंतर आठ दिवस जाऊ द्यावेत आणि न सांगता दहा-दहा प्रश्नांची चाचणी घ्यावी. पुढच्या महिन्यात विषय बदलून आणि क्रम उलटा करून तेच करावं. वहीवालं प्रकरण दोन्ही वेळा पुढे राहिलं, तर मुलांना ते आकडे दाखवावेत आणि ग्रुप सूचनांपुरता ठेवावा.